पिस्तूल, टायमर आणि कुलूप

(१९९५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला, "पंधरा-वीस मिनिटं बोल, तू जे करतेस त्यावर बोल." मी म्हटलं, मी सॉफ्टवेअर करते. पलीकडून जरा वेळ काहीच आवाज नाही. मग प्रश्न आला, "त्याशिवाय काही करतेस का?" आपल्या बॅचमध्ये एकवीस जण सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्यामुळे त्यांचा नाइलाज मी समजू शकते. मग त्यांनीच विषय सुचवला. दोन वर्षांपूर्वी आपल्या ग्रुपवर माझा एक फोटो पडला होता. कानावर मफ, डोळ्यांना चष्मा, कमरेला पिस्तूल. त्या फोटोखाली बत्तीस प्रश्न आले. "पोलिसात भरती झालीस काय?" इथपासून "भावजींना सांभाळून राहायला सांग" इथपर्यंत. आज त्यांतल्या गंभीर प्रश्नांची उत्तरं देते.

मी टेक्सासमध्ये, ऑस्टिनजवळ राहते. गेली अकरा वर्षं मी प्रॅक्टिकल शूटिंग हा खेळ खेळते. महिन्यातून एक, फार तर दोन स्पर्धा. मी काही विजेती नाही. या खेळात डी, सी, बी, ए, मास्टर आणि ग्रँडमास्टर अशा पायऱ्या असतात, त्यात मी बी वर आहे. बीच्या वर जायला ७५ टक्के लागतात आणि मी ६८ वर अडकले आहे. बाई, तुम्हाला आठवत असेल, गणितातही माझं साधारण असंच होतं.

आपण कोल्हापूरची माणसं. नेमबाजी आपल्याला नवीन नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवलं, आणि स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये रायफलवर ऑलिंपिकचं कांस्य आणलं. पण मी खेळते तो खेळ यांच्या खेळापेक्षा वेगळा आहे. राहीच्या प्रकारात खेळाडू एका जागी उभी राहते, एका हातात पॉइंट टू-टूचं पिस्तूल, समोर २५ मीटरवर लक्ष्य. श्वास, बोट आणि नजर यांची ती तपश्चर्या आहे. आमच्या खेळात पिस्तूल दोन्ही हातांत धरतात, गोळी बहुतेकदा ९ एमएमची, आणि खेळाडू पळतो. भिंतीआडून वाकून बघतो, खिडकीतून नेम धरतो, पळता पळता मॅगझिन बदलतो. ऑलिंपिकमध्ये हा खेळ नाही.

त्याची सुरुवात १९७६ च्या मे महिन्यात झाली. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात कोलंबिया नावाचं गाव आहे, तिथे वेगवेगळ्या देशांतले नेमबाज जमले आणि त्यांनी आंतरराष्ट्रीय संघटना काढली. तिचं नाव आयपीएससी. जेफ कूपर हे अमेरिकी मरीन दलातले निवृत्त लेफ्टनंट कर्नल तिचे पहिले अध्यक्ष. संघटनेचं बोधवाक्य तीन लॅटिन शब्दांचं आहे आणि त्यांचा अर्थ अचूकता, शक्ती, वेग असा घेतात. खेळाचे गुण या तीन गोष्टींवरच बेतलेले आहेत. अमेरिकेतली शाखा १९८४ साली यूएसपीएसए या नावानं नोंदवली गेली. आमच्या गावची स्पर्धा तिच्या नियमांनी चालते.

स्पर्धेचा दिवस कसा असतो ते सांगते. टेक्सासच्या उन्हामुळे सकाळी लवकर जमायचं. तीन बाजूंनी मातीचे उंच बांध घातलेले चौक असतात, गोळ्या त्या मातीत थांबतात. प्रत्येक चौकात वेगळी मांडणी. लाकडी चौकटी, जाळीच्या भिंती, तपकिरी पुठ्ठ्याची लक्ष्यं, काही पोलादी पाट्या. अशा पाच-सहा मांडण्या दिवसभरात खेळायच्या. दहा-बारा जणांची एक तुकडी. आमच्या तुकडीत एक नर्स आहे, एक गाईंचा दवाखाना चालवणारे डॉक्टर आहेत, एक शाळेतले निवृत्त शिक्षक, दोन वेल्डर, आणि आम्ही तिघं सॉफ्टवेअरवाले. बहुतेक वेळा बाई मी एकटी किंवा आम्ही दोघी. एकाची पाळी सुरू असते तेव्हा बाकीचे थांबलेले असतात, आणि ती संपली की सगळ्यांनी पळत जाऊन पुठ्ठ्यांवरची भोकं चिकटपट्टीनं बुजवायची, पाट्या उभ्या करायच्या. हे काम कोणालाही चुकत नाही. दिवसभरात स्वतः नेम धरण्याचा वेळ जेमतेम दोन मिनिटं, बाकीचा वेळ पट्ट्या चिकटवण्यात. गंमतीनं नाही सांगत, हिशोब केलेला आहे.

आता गुण. पुठ्ठ्यावर ए, सी आणि डी असे तीन भाग असतात. मी ज्या गटात खेळते तिथे ए ला ५, सी ला ३ आणि डी ला १ गुण. नेम चुकला तर वजा १०. काही लक्ष्यं पांढरी असतात, त्यांना गोळी लावायची नसते. लावली तरी वजा १०. सगळे गुण मिळवायचे आणि लागलेल्या सेकंदांनी भागायचं. इंजिनिअर मंडळींना हे लगेच आवडेल. समजा १२ गोळ्यांची मांडणी आहे. मी सगळ्या गोळ्या ए मध्ये लावल्या आणि १० सेकंद घेतले. गुण ६०, भागिले १०, म्हणजे ६. दुसऱ्या खेळाडूनं घाई केली, साडेसात सेकंदांत उरकलं, पण एक गोळी हुकली. त्याचे ५५ वजा १०, म्हणजे ४५, भागिले साडेसात, पुन्हा ६. तिसरी आली, तिनं नऊ ए आणि तीन सी लावले, आठ सेकंदांत. ५४ भागिले ८, पावणेसात. ती जिंकली. नुसती नेमकी असणारी हरते, नुसती घाई करणारीही हरते. किती वेगात आपला नेम टिकतो हे ज्याला स्वतःबद्दल खरं ठाऊक आहे तो पुढे जातो. ऑफिसात ही गोष्ट शिकायला मला वीस वर्षं लागली असती, टायमरनं ती एका हंगामात शिकवली.

हा टायमर म्हणजे खेळाचा जीव. कमरेला लावायची छोटी डबी. ती बीप करते आणि प्रत्येक गोळीच्या आवाजाची वेळ नोंदवते. घरात आरामात उभं राहून जे जमतं ते बीप झाल्यावर जमत नाही, हा प्रत्येकाचा अनुभव. हात घामेजतात, नजर आक्रसते, मॅगझिन बसत नाही, शेवटचं लक्ष्य चक्क विसरलं जातं. आणि इथूनच माझा मुख्य मुद्दा सुरू होतो.

अमेरिकेत पिस्तूल विकत घेणं सोपं आहे. टेक्सासमध्ये तर फारच. २१ वर्षं पूर्ण असतील तर दुकानात जायचं, फॉर्म ४४७३ भरायचा, दुकानदार तुमची माहिती सरकारी यंत्रणेकडून तपासून घेतो. ही तपासणी १९९८ पासून संगणकावर आहे आणि बहुतेकांची काही मिनिटांत होते. पिस्तुलाची नोंदणी नाही, खरेदीसाठी परवाना नाही, आणि पिस्तूल चालवता येतं का हे कोणी विचारत नाही. बाहेर बाळगण्यासाठी पूर्वी परवाना लागायचा, त्यासाठी चार ते सहा तासांचा वर्ग आणि ३, ७ आणि १५ यार्डांवरून ५० गोळ्यांची परीक्षा असायची. १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र नागरिकांना त्या परवान्याचीही सक्ती राहिली नाही. परीक्षा अजून आहे, पण ज्याला हवी त्याच्यासाठी. स्कूटर चालवायला आपण आरटीओत आठाचा आकडा काढून दाखवतो. तिथे पिस्तुलासाठी तोही काढावा लागत नाही.

परिणाम काय होतो? माणूस हौसेनं पिस्तूल आणतो. एकदा रेंजवर जाऊन, एका जागी उभं राहून, सात यार्डांवर पन्नास गोळ्या उडवतो, फोटो काढतो, आणि पिस्तूल पलंगाशेजारच्या खणात जातं. माझ्या ओळखीत अशी कितीतरी घरं आहेत, त्यात आपली मराठी घरंही आहेत. मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर बायका मला बाजूला घेऊन विचारतात, "आमच्या ह्यांनी आणलंय, तू जरा बघशील का?" बघितलं तर पिस्तूल भरलेलं, कुलूप नाही, आणि घरात नऊ वर्षांचं पोर.

म्हणून मी सांगते, हा खेळ मला ज्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो ते कारण वेग नाही. पिस्तूल हातात असताना धांदल उडाली तरी नळी कुठे आहे आणि बोट कुठे आहे याचं भान सुटू नये, ही सवय हा खेळ लावतो. ही सवय वाचून लागत नाही. एनसीसीत आपल्याला पॉइंट टू-टू रायफलीवर पाच गोळ्या मिळायच्या, आणि त्या पाच गोळ्यांसाठी दोन आठवडे नुसती कवायत. तेव्हा आम्ही कुरकुरायचो. ती कवायत बरोबर होती.

नियम चार आहेत, कूपर यांच्या नावानं ते ओळखले जातात. पहिला, प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. दुसरा, जे नष्ट झालेलं चालणार नाही त्याच्यावर नळी कधीही रोखू नका. तिसरा, नेम लागेपर्यंत बोट चापावर नको. चौथा, लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे नीट बघा. इंजिनिअर म्हणून मला यांची रचना आवडते. यातला एक नियम तुटला तर बाकीचे नियम माणसाला वाचवतात. बोट चुकून चापावर गेलं, पण नळी मातीकडे होती, तर नुकसान मातीचं. माणूस मरतो तेव्हा बहुतेक वेळा दोन नियम एकदम तुटलेले असतात. आपण सर्व्हर बंद पडू नये म्हणून एकावर एक बंदोबस्त करतो, तोच विचार.

स्पर्धेत हे नियम फार कडक पाळतात. रेंजवर सगळ्यांची पिस्तुलं रिकामी. अधिकारी "मेक रेडी" म्हणेपर्यंत पिस्तुलाला हात लावायचा नाही. पिस्तूल हाताळायचं असेल तर त्यासाठी वेगळं टेबल आहे, पण तिथे गोळी न्यायला बंदी. मग "आर यू रेडी?", "स्टँड बाय" आणि बीप. पाळी संपली की पिस्तूल रिकामं करून अधिकाऱ्याला दाखवायचं, त्यानं "रेंज इज क्लिअर" म्हटल्याशिवाय कोणीही पुढे पाऊल टाकायचं नाही. खेळताना नळी एका काल्पनिक रेषेच्या मागे वळली, हलताना किंवा मॅगझिन बदलताना बोट चापाच्या कडीत दिसलं, पिस्तूल हातातून पडलं, की खेळ तिथेच संपला. त्या दिवसापुरते तुम्ही बाद. पडलेलं पिस्तूल उचलायचंही नाही, अधिकारी उचलतो. कारण पडताना कोणी मरत नाही, पडलेलं पकडायला धावताना बोट चापात जातं.

आमच्याकडे वीस वर्षं खेळणारे एक मास्टर आहेत. गेल्या वर्षी त्यांचं पिस्तूल होल्स्टरमध्ये परत ठेवताना पडलं. रिकामंच होतं, पण पाळी अजून अधिकाऱ्याच्या हुकमाखाली होती, त्यामुळे ते बाद. तिथे उभे असलेले निम्मे लोक त्यांच्याकडूनच शिकलेले. अधिकारी तिशीतला मुलगा, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनीच त्याला म्हटलं, "बोल, तुझं कामच आहे ते." पिस्तूल पिशवीत गेलं. आणि मग संध्याकाळपर्यंत ते ३८ डिग्रीच्या उन्हात आमच्याबरोबर पट्ट्या चिकटवत राहिले. मी या खेळात का आहे असं कोणी विचारलं तर मी हा प्रसंग सांगते.

सरावाबद्दल थोडं. गोळ्या महाग असतात, एका स्पर्धेला साधारण दीडशे लागतात. त्यामुळे खरा सराव घरात, रिकाम्या पिस्तुलानं होतो. माझी पद्धत अशी: गोळ्या दुसऱ्या खोलीत, दार बंद. पिस्तूल रिकामं आहे हे डोळ्यांनी बघायचं, मग बोट घालून चाचपायचं. भिंतीवर छोटं लक्ष्य, त्या भिंतीच्या मागे कोणाची खोली नाही. पंधरा मिनिटं होल्स्टरमधून काढणं, नेम, मॅगझिन बदलणं. संपलं की मोठ्यानं म्हणायचं "सराव संपला", आणि पिस्तूल तिजोरीत. "शेवटचं एकदा" म्हणून पुन्हा काढायचं नाही. अपघात त्या शेवटच्या एकदाला होतात. कानांची काळजी घ्यायची, कारण पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलच्या वर असतो आणि गेलेलं ऐकू परत येत नाही. गोळीत शिसं असतं, म्हणून घरी आल्यावर आधी हात धुवायचे, कपडे वेगळे टाकायचे, मग मुलांना जवळ घ्यायचं.

आता तो प्रश्न, जो बत्तीसपैकी अकरा जणांनी विचारला. "घरात पिस्तूल आणि मुलं. भीती वाटत नाही?"

वाटते. वाटलीच पाहिजे. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली. त्यातले २६,३२८ मृत्यू आत्महत्यांचे होते. म्हणजे निम्म्याहून जास्त. आपण बातम्यांत गोळीबार बघतो, चोर-दरोडेखोर बघतो, आणि घरातलं पिस्तूल बाहेरच्यासाठी आहे असं धरून चालतो. आकडे सांगतात की ते बहुतेक वेळा घरातल्याच माणसावर, त्याच्या स्वतःच्याच हातानं चालतं. २०२० पासून तिथे लहान आणि किशोरवयीन मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे, गाड्यांचे अपघातही मागे पडले. मी खेळाडू आहे म्हणून हे झाकून ठेवणार नाही. उलट ज्याच्या घरात पिस्तूल आहे त्याला हे आकडे इतरांपेक्षा आधी माहीत असायला हवेत.

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, मुलगी बारा. सोळाव्या वर्षी एका संध्याकाळी जग संपल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मिसळ मागितली जाते. त्या दोन्हींच्या मध्ये जी रात्र असते त्या रात्री घरात उघडं पिस्तूल असता कामा नये. म्हणून आमच्याकडे जमिनीला बोल्टनं बसवलेली पोलादी तिजोरी आहे. पिस्तूल रिकामं, गोळ्या वेगळ्या कुलपात. आकड्यांचं कुलूप फक्त मला माहीत आहे, वाढदिवसाची तारीख नाही. खंडेनवमीला आम्ही लॅपटॉपला हळदकुंकू लावतो आणि झेंडूचं एक फूल तिजोरीच्या दारावर ठेवतो. दार उघडत नाही. टेक्सासच्या कायद्यातही १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू देणं हा पालकाचा गुन्हा आहे. पण कायदा घटना घडल्यावर येतो, कुलूप आधी असतं.

एक गोष्ट सांगायची की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला. ज्याची आहे त्याची परवानगी घेतली आहे, नाव सांगणार नाही. माझ्याबरोबर काम करणारा आणि खेळणारा एक मित्र. कंपनीत कपात झाली, त्यात त्याची नोकरी गेली. त्याच वर्षी घटस्फोट. एका रात्री साडेदहाला तो आमच्या दारात उभा. हातात तीन पिस्तुलांची पिशवी. म्हणाला, "हे काही दिवस तुझ्या तिजोरीत ठेव. आणि मी मागायला आलो तर लगेच देऊ नकोस." मी का म्हणून विचारलं नाही. नवऱ्यानं चहा टाकला. पिस्तुलं रिकामी आहेत ना ते बघितलं, आत ठेवली, आणि मग आम्ही तिघं दीड वाजेपर्यंत बसलो. दुसऱ्या दिवशी नवरा त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला.

चार महिने ती पिस्तुलं माझ्याकडे होती. मध्ये एकदा तो आला आणि म्हणाला, आता बरं आहे, देऊन टाक. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारून ये. तो चिडला, दार आपटून गेला. दोन आठवडे फोन नाही. ते दोन आठवडे मला झोप नव्हती. मग एक दिवस मेसेज आला, "डॉक्टर म्हणतात अजून नको." शेवटी त्यानं तीनपैकी एकच परत नेलं, स्पर्धेसाठीचं. बाकीची दोन विकून टाकली. तो आज आमच्या तुकडीत आहे आणि माझ्यापेक्षा वरच्या गटात आहे, हे मात्र मला फारसं आवडलेलं नाही.

त्याला कोणी उपदेश केला नव्हता. मात्र आमच्या रेंजवर एक पद्धत आहे. नवीन माणूस आला की त्याला सांगतात, दिवस वाईट असतील तर पिस्तुलं मित्राकडे ठेव, कोणी काही विचारणार नाही. हे वाक्य त्यानं कधीतरी ऐकलेलं होतं आणि योग्य रात्री त्याला आठवलं. प्रशिक्षण प्रशिक्षण म्हणतात त्याचा हा सगळ्यात मोठा भाग आहे असं मला वाटतं. नेम त्यानंतर.

आता तुमच्यासाठी कामाच्या तीन गोष्टी, कारण इथे बसलेल्या कितीतरी जणांची मुलं अमेरिकेत शिकत आहेत किंवा जायच्या तयारीत आहेत.

पहिली. तिथल्या केंद्रीय कायद्याप्रमाणे एफ-१ किंवा एच-१बी अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळी ताब्यात ठेवायला बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असणं असे काही अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नयेत. रेंजवर भाड्यानं घेतलेलं पिस्तूल हातात धरणं हाही ताबाच समजला जाऊ शकतो. मित्र म्हणतात, "चल, शनिवारी मजा करू," मुलगा जातो, फोटो टाकतो. हा केंद्रीय गुन्हा आहे, त्यात व्हिसा जाऊ शकतो, पुढचं सगळं अडकू शकतं. मी स्वतः एच-१बी वर होते तेव्हा नऊ वर्षं फक्त खुर्ची टाकून स्पर्धा बघत होते. ग्रीन कार्ड हातात आल्यानंतर पहिलं पिस्तूल घेतलं. नऊ वर्षं बघूनही खूप शिकता येतं, हे मुलांना सांगा.

दुसरी. तुमचं नातवंड किंवा मूल तिथे कोणाच्या घरी खेळायला, मुक्कामाला जाणार असेल तर आधी विचारा, "तुमच्या घरी बंदूक आहे का? असेल तर कुलपात आहे का?" आपल्याला हे विचारायला संकोच वाटतो, समोरच्याला राग येईल असं वाटतं. शेंगदाण्याची ॲलर्जी आपण बिनधास्त सांगतो ना? तसंच विचारा. मला लोक विचारतात तेव्हा मी त्यांना तिजोरी दाखवते. ज्याची तिजोरी नीट आहे त्याला राग येत नाही.

तिसरी. मुलगा किंवा मुलगी एकटी आहे, खचलेली आहे असं वाटलं तर अमेरिकेत ९८८ हा नंबर आहे, रात्रंदिवस. आपल्याकडे टेलिमानसचा १४४१६ आहे. हे दोन नंबर फोनमध्ये टाकून ठेवा. आत्ता टाकले तरी चालेल, मी थांबते.

शेवटी, "सुरक्षिततेसाठी मी घेऊ का?" असं तिथले आपले लोक मला विचारतात. मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. तीन प्रश्न विचारते. घरात कोण कोण आहे, आणि त्यांचं मन कसं आहे? ते कुठे ठेवणार, कुलूप कोणतं? आणि दर महिन्याला सरावाला किती तास देणार? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण हसतात. जे हसतात त्यांना मी घेऊ नका म्हणते. जे वही काढून उत्तर लिहायला लागतात त्यांना म्हणते, आधी एक वर्ष रेंजवर या, पट्ट्या चिकटवा, मग बघू. आतापर्यंत अशा सात जणांपैकी तिघांनी वर्षाअखेरीस घेतलंच नाही. खेळ बघायला मात्र येतात, डबा घेऊन.

आणि इथे ज्यांच्या मुलांना नेमबाजीची आवड असेल त्यांनी त्यांना आपल्या गावातल्या दहा मीटर एअर पिस्तूलच्या क्लबमध्ये घाला. हे शिकायला अमेरिकेत जायची गरज नाही. ज्या गावानं तेजस्विनी आणि राही दिल्या तिथे शिकवणारी माणसं आहेत. मूल पहिल्या सहा महिन्यांत फक्त उभं राहायला आणि श्वास घ्यायला शिकेल. पालक कंटाळतील, त्यांनी कंटाळू नये.

बाई, तुम्ही आम्हाला एनसीसीच्या कवायतीला उन्हात उभं केलंत, त्याबद्दल तीस वर्षांनी, सगळ्यांच्या वतीनं, मनापासून आभार.  काही विचारायचं असेल तर मी जेवणाच्या रांगेत आहे.